कलमापासून हिशेबाच्या पुस्तकापर्यंत : कायद्याच्या पीएच.डी.साठी अर्थान्वयन आणि अंमलबजावणी एकत्र कशी अभ्यासावी

कायद्यातल्या पीएच.डी.चे आराखडे वाचायला घेतले की पहिली तीन प्रकरणं ओळखीची निघतात: कायद्याचा इतिहास, व्याख्या, गाजलेले निवाडे. मग चौथ्या प्रकरणात एकदम दोनशे प्रश्नावल्या येतात, रंगीत वर्तुळं येतात आणि ‘बहुसंख्य प्रतिसादकांना कायद्याची माहिती नाही’ असा निष्कर्ष येतो. तिसऱ्या प्रकरणाची आणि चौथ्याची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते. ज्या शब्दावर न्यायालयांनी वर्षानुवर्षं खल केला तो शब्द प्रश्नावलीत सापडत नाही, आणि मोहल्ल्यात जे दिसलं त्याचा त्या शब्दाच्या अर्थाशी काय संबंध, हे कुणी विचारलेलं नसतं.

मी सांगतो ती रीत साधी आहे, पण वेळखाऊ आहे. कायद्यातला एक शब्द धरायचा आणि त्याच्या मागे चालत राहायचं. कलमातून नियमात, नियमातून अधिसूचनेत, तिथून निवाड्यात, आणि शेवटी एखाद्या बाईच्या हातातल्या हिशेबाच्या पुस्तकात तो कोणत्या रूपात पोचतो ते बघायचं. उदाहरण आपल्या सोलापूरचंच घेतो. पूर्व भागातल्या घराघरांत विड्या वळणाऱ्या बायका, आणि शब्द ‘कामगार’.

आधी प्रश्न बारीक करा

‘विडी कामगारांच्या हक्कांचा चिकित्सक अभ्यास’ हा मथळा झाला, प्रश्न झाला नाही. प्रश्न असा हवा: घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार ठरवताना न्यायालयं नेमकं कशाकडे बघतात, आणि त्या खुणा आज कारखान्याच्या ब्रँचमधल्या (पान-तंबाखू द्यायच्या, विड्या घ्यायच्या ठिकाणच्या) नोंदींत दिसतात का? यात अर्थ आणि अंमल दोन्ही आले, एकाच वाक्यात.

विषय पक्का करण्यापूर्वी शोधगंगावर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, दोन दिवस बसा. आपल्याच विषयावर आधी प्रबंध झालेला असला तर घाबरू नका. त्याने कोणता शब्द गृहीत धरून पुढे उडी मारली आहे ते शोधा. बहुतेक वेळा तिथेच तुमचा प्रश्न असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षं मिळतात. कोर्सवर्क, समितीपुढची सादरीकरणं आणि नोकरी जाऊन हातात जे उरतं त्यात एक शब्द नीट होतो. पाच होत नाहीत.

संहिता वाचणं म्हणजे नुसतं कलम वाचणं नव्हे

विडी व सिगार कामगार (नोकरीच्या अटी) अधिनियम, १९६६ समोर ठेवा. पहिल्यांदा बघायचं ते कलम १, जे सगळे वगळतात. हा कायदा संसदेने केला, पण तो कोणत्या राज्यात कोणत्या तारखेपासून लागू होणार हे ठरवणं त्या त्या राज्य सरकारवर सोडलं होतं, वेगवेगळ्या भागांसाठी आणि तरतुदींसाठी वेगळ्या तारखाही ठेवता येत होत्या. म्हणजे ‘१९६६ पासून कामगारांना संरक्षण मिळालं’ हे वाक्य तुमच्या प्रबंधात असेल तर ते तपासल्याशिवाय ठेवू नका. कायदा संमत होणं आणि अंमलात येणं यांतलं अंतर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. याचं ताजं उदाहरण म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रम संहिता: वेतनाची २०१९ ची, बाकी तिन्ही २०२० च्या, आणि लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी.

मग व्याख्या. १९६६ च्या कायद्यातल्या व्याख्येचा पहिला भाग नेहमीचा आहे: आस्थापनेत थेट किंवा कुणामार्फत कामावर ठेवलेली व्यक्ती. पुढे ‘आणि यात समावेश होतो’ असं म्हणून मालकाने किंवा ठेकेदाराने कच्चा माल दिलेला, घरी विडी करणारा मजूर आत घेतला आहे. ‘म्हणजे’ आणि ‘यात समावेश होतो’ या दोन शब्दप्रयोगांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘म्हणजे’ने कुंपण पडतं. ‘समावेश’ने कुंपण सरकवलं जातं, ज्याला बोलीभाषेत कामगार म्हणणं अवघड गेलं असतं, त्यालाही आत घेतलं जातं. त्याला लागूनच कलम ४३ वाचा: स्वतःच्या राहत्या घरात, स्वतःवर अवलंबून असलेल्या घरच्यांच्या मदतीने विड्या करणाऱ्या मालक-रहिवाशाला हा कायदा लागू नव्हता, पण तो कुणा मालकाचा कामगार नसेल तरच. एका हाताने बाहेर काढलेलं दुसऱ्या हाताने परत आत आलं. व्याख्या आणि अपवाद असे शेजारी-शेजारी ठेवून वाचायची सवय लावून घ्या.

भाषेचा एक सापळा इथेच आहे. इंग्रजी संहितांमध्ये कारखाने अधिनियमात ‘वर्कर’, औद्योगिक विवाद अधिनियमात ‘वर्कमन’ आणि विडी कायद्यात ‘एम्प्लॉयी’ असे तीन वेगळे शब्द आहेत. आपण मराठीत तिघांनाही सर्रास ‘कामगार’ म्हणतो. परिणामी एका कायद्याखालचा निवाडा दुसऱ्या कायद्याला लावला जातो आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर पहिल्याच प्रकरणात तीन वेगळे प्रतिशब्द ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश हाताशी ठेवा, पण तो शब्द देतो, भेद तुम्हालाच ठेवायचा आहे. राज्याच्या मराठी कायद्यांबाबत राज्यघटनेचं कलम ३४८(३) विसरू नका: राजपत्रात राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा अधिकृत पाठ समजला जातो. दोन पाठांत तफावत दिसली तर ती तळटीपेत ढकलू नका. ते सापडलेलं सोनं आहे.

अर्थान्वयनाचे नियम : दागिने म्हणून नकोत, हत्यारं म्हणून हवेत

शब्दशः अर्थाचा नियम, सुवर्ण नियम, अनिष्टनिवारणाचा नियम, हेतुलक्षी अर्थान्वयन. कायद्याचा अर्थ लावायच्या या नियमांच्या व्याख्यांवर पंधरा पानं खर्च करणारे प्रबंध मी वाचले आहेत. परीक्षकाला ते सगळं एलएल.बी.पासून माहीत असतं. तुम्ही प्रत्येक नियमाला प्रश्नाचं रूप द्या आणि तुमच्या शब्दावर चालवून बघा.

अनिष्टनिवारणाचा नियम इंग्लंडमधल्या १५८४ च्या हेडन प्रकरणातून येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९५५ च्या बेंगॉल इम्युनिटी प्रकरणात वापरला. त्याचे प्रश्न चार: आधीचा कायदा काय होता, त्यात कोणतं अनिष्ट शिल्लक होतं, नव्याने कोणता उपाय केला, आणि का? विडीला लावून बघा. आधी कारखाने अधिनियम होता. अनिष्ट असं की काम कारखान्याच्या भिंतीबाहेर, घरात नेलं की मालक त्या कायद्यातून सुटत होता. उपाय म्हणजे घरच्या मजुराला व्याख्येतच घेणं. एवढं मांडलं की ‘समावेश’ हा शब्द रुंद का वाचायचा याचं उत्तर हातात येतं. हेतू शोधताना विधेयकाचं उद्देश व कारणांचं निवेदन आणि सभागृहातली चर्चा पाहा, पण त्यांचं वजन मर्यादित आहे. कोणतं अनिष्ट दूर करायचं होतं हे दाखवायला मंत्र्याचं भाषण वापरता येतं, हे के. पी. वर्गीस प्रकरणात १९८१ साली मान्य झालं. पण मंत्री बोलले म्हणून कलमाचा अर्थ तोच, असं होत नाही.

शेजारच्या शब्दांवरून अर्थ लावण्याचा नियम समजावताना मी नेहमी चादरीच्या दुकानातली पाटी सांगतो: ‘चादरी, टॉवेल, नॅपकिन व इतर माल परत घेतला जाणार नाही.’ तुमचा दुकानात विसरलेला डबा ‘इतर माल’ नाही, हे पोरालाही कळतं. तोच नियम विस्तार करणाऱ्या व्याख्येला मात्र जपून लावायचा. १९६० च्या हॉस्पिटल मजदूर सभा प्रकरणात ‘उद्योग’ची व्याख्या मुद्दाम रुंद केलेली आहे म्हणून शेजारच्या शब्दांनी ती आकसवायला न्यायालयाने नकार दिला. १९८७ च्या पीअरलेस प्रकरणात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी संहिता आणि संदर्भ यांना अर्थान्वयनाचे दोन आधार म्हटलं आहे. तो परिच्छेद मुळातून वाचा; सगळ्यांच्या प्रबंधांत असतो, पण बहुतेकांनी दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेला असतो.

इथे थोडं आडवाटेला जातो. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की उमरगा ओलांडल्यावर बसवकल्याणचा फाटा येतो. चालुक्यांची कल्याणी ती हीच. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने याच कल्याणीत मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका लिहिली. त्याच्यापुढेही एक शब्द होता: ‘सपिंड’. त्याने पिंडाचा अर्थ शरीर, शरीराचा अंश असा घेतला आणि वारसा रक्ताच्या नात्यावर उभा केला. बंगालच्या जीमूतवाहनाने पिंड म्हणजे श्राद्धातला पिंड धरला, आणि वारशाचा क्रम निराळा झाला. एका शब्दाच्या दोन वाचनांनी कित्येक शतकं कुणाच्या वाट्याला शेत येणार हे ठरवलं. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जैमिनीच्या मीमांसेत श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या असा प्रमाणांचा उतरता क्रम आहे. प्रत्यक्ष शब्द असताना संदर्भाच्या जोरावर त्याला मोडता येत नाही. परदेशी नियमांची यादी देताना हे दोन परिच्छेद लिहिणारा संशोधक क्वचित भेटतो. महामहोपाध्याय काण्यांचे धर्मशास्त्रावरचे खंड ग्रंथालयात धूळ खात पडलेले असतात. उघडा.

निवाड्यांची वही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक निवाड्यासाठी वहीत (किंवा एक्सेलमध्ये) एक ओळ करा आणि रकाने असे ठेवा: कोणता कायदा, कोणता शब्द, निर्णायक तथ्यं, न्यायालयाने लावलेली कसोटी, निकाल, न्यायमूर्तींची संख्या, मतभेद, पुढे तो निवाडा कुणी पाळला किंवा बाजूला ठेवला. यात ‘निर्णायक तथ्यं’ हा रकाना प्राण आहे.

विडीच्या निवाड्यांवरून दाखवतो. (वर्षं ऑल इंडिया रिपोर्टर या निवाडे छापणाऱ्या मालिकेच्या खंडांची देतोय, निकालाचं वर्ष आणि खंडाचं वर्ष नेहमी एक नसतं, आणि या गफलतीने अनेकांचा कालक्रम उलटा होतो.) १९५८ च्या चिंतामण राव प्रकरणात मालकाला माल पुरवणारे सट्टेदार स्वतंत्र ठेकेदार ठरले, म्हणून ते व त्यांची माणसं कारखाने अधिनियमाखाली कामगार नव्हेत. १९६१ च्या बिर्धीचंद शर्मा प्रकरणात मजूर कारखान्यात येऊन विड्या वळत, दुपार उलटल्यावर आलेल्याला काम मिळत नसे, निकृष्ट विडी नाकारली जाई; ते कामगार ठरले. पुढच्याच वर्षीच्या खंडात शंकर बालाजी वाजे प्रकरण येतं. कायदा तोच, शब्द तोच, कामही तेच. पण इथे मजूर कामाच्या वेळात हवं तेव्हा येई, हवं तेव्हा जाई, यायलाच हवं असं बंधन नव्हतं. तो कामगार ठरला नाही. १९६६ च्या खंडातल्या दिवाण मोहिदीन प्रकरणात कायदा बदलला, औद्योगिक विवाद अधिनियम आला, आणि मधले ठेकेदार हे नावापुरते, प्रत्यक्षात मालकाचेच हस्तक असल्याचं न्यायालयाने ओळखलं. १९७४ च्या मँगलोर गणेश बीडी वर्क्समध्ये १९६६ चा कायदा वैध ठरला. त्याच वर्षाच्या खंडातलं सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस प्रकरण शिवणकामाचं आहे, तरी वहीत घ्या. फक्त नियंत्रण हीच एकमेव कसोटी नव्हे, हा विचार तिथे पुढे जातो. आणि १९८७ च्या खंडातल्या पी. एम. पटेल प्रकरणात भविष्य निर्वाह निधीसाठी घरी विड्या वळणारेही आत आले: तयार माल नाकारण्याचा मालकाचा अधिकार हेच त्याचं नियंत्रण, ते छपराखाली उभं राहूनच ठेवावं लागतं असं नाही.

ही ओळ वरून खाली वाचा. ‘नियंत्रण’ हा शब्द घड्याळाकडून मालाच्या तपासणीकडे सरकताना दिसेल. हे कोणत्याही एका निवाड्यात लिहिलेलं नाही. ते तुमचं संशोधन.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती दरवर्षी कुणीतरी करतंच. वाजे प्रकरणातला एक सुरेख युक्तिवाद मी प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात न्यायालयाचा निर्णय म्हणून उद्धृत केला. मार्गदर्शकांनी पेन्सिलीने फक्त एवढंच लिहिलं: ‘हे न्या. सुब्बा राव. म्हणजे अल्पमत.’ पूर्ण रात्र झोप नाही. पण त्या चुकीतूनच लक्षात आलं की अल्पमतातला विचार पुढच्या काळात वेगळ्या वाटेने परत येतो का, हे तपासणं हाही एक प्रश्न आहे. तेव्हापासून वहीत मतभेदाचा रकाना आहे.

निवाडे मुळातून वाचायला आता सबब उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल २०२३ पासून ई-एससीआर या न्यायालयाच्याच ऑनलाइन संग्रहावर फुकट आहेत. यंत्राकडून उत्तरं मागवून त्यातले संदर्भ तसेच चिकटवणाऱ्यांना एवढंच सांगतो की न झालेले खटले त्यात बेमालूम मिसळलेले असतात. प्रत्येक नाव तिथे उघडून बघा. उच्च न्यायालयाच्या कामकाजासाठी सोलापूरकरांना पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, आणि आपला जिल्हा त्याच्याकडे आहे. एक-दोन दिवस तिथे मागच्या बाकावर बसून श्रमविषयक प्रकरणं ऐका. वकील कोणत्या तथ्यावर जोर देतो ते छापील निवाड्यात कळत नाही.

अंमलाचा माग

आता कलमापासून खाली उतरा. उतरंड अशी: अधिनियम, त्याखालचे नियम, अधिसूचना, मग शासन निर्णय आणि परिपत्रकं. शेवटचे दोन कायद्याच्या किंवा नियमांच्या वर जाऊ शकत नाहीत. रिकामी जागा भरू शकतात, नियम मोडू शकत नाहीत. संतराम शर्मा प्रकरण, १९६७. हे पाठ असूनही लोक शासन निर्णयाला कायदा समजून चालतात, कार्यालयातही आणि प्रबंधातही.

प्रत्येक कर्तव्यासाठी पाच गोष्टी लिहून काढा: कोणी करायचं, कधीपर्यंत, कोणत्या नमुन्यात, नोंद कुठे राहते, आणि न केल्यास काय. ज्या कर्तव्यापुढे ‘नोंद’ हा रकाना कोरा राहतो, तिथे अंमल मोजताच येणार नाही. तिथे सर्वेक्षण करू नका, कोरेपणाच मांडा.

नोंदी मिळवायला माहितीचा अधिकार. अर्ज कुणाकडे करायचा ते आधी ठरवा, नाहीतर महिना फुकट जातो. सरकारी कामगार अधिकारी आणि सहायक कामगार आयुक्त राज्याचे. भविष्य निर्वाह निधी कार्यालय केंद्राचं. राज्याच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि साधारण दीडशे शब्दांत हवा. केंद्राकडे मर्यादा पाचशे शब्दांची आहे. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिलं अपील त्यानंतर ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. ‘अंमलबजावणी का होत नाही?’ असा प्रश्न विचारलात तर उत्तर येईल, ‘माहिती उपलब्ध नाही.’ ‘अमुक ते अमुक वर्षांतल्या तपासणी अहवालांची संख्या आणि त्यावरून दाखल खटल्यांची संख्या’ असं विचारा. नकला मागण्याऐवजी दस्तऐवजांची पाहणी मागता येते; फाईल हातात घेतली की तिच्यातली पेन्सिलीची टिपणंही वाचायला मिळतात. कामगारांची नावं-पत्ते मात्र मागू नका. तुम्हाला ते लागतही नाहीत.

आणि मग मोहल्ला. इथे प्रश्नावली निवाड्यांच्या वहीतून काढायची, मनाने नाही. ‘तुम्हाला कायद्याची माहिती आहे का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. त्याऐवजी विचारा: पान-तंबाखू कोण देतं? (व्याख्येतला कच्चा माल.) तीन दिवस माल दिला नाही तर काय होतं? (वाजे.) विडी बाद झाली तर पानाचा हिशेब कुणाच्या डोक्यावर बसतो? (पटेल.) पुस्तक कुणाच्या नावावर, आणि वळतं कोण? या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबा. पुस्तक सासूच्या नावावर आणि वळणाऱ्या दोन सुना, असं घर भेटलं तर कलम ४३ चा ‘घरच्यांची मदत’ हा अपवाद आणि व्याख्येतला ‘घरचा मजूर’ एकाच ओट्यावर समोरासमोर बसलेले असतात.

पूर्व भागात कित्येक घरांत बोलणं तेलुगूत चालतं. प्रश्नावली मराठीतून तेलुगूत नेल्यावर दुसऱ्या कुणाकडून ती परत मराठीत आणून बघा. ‘मालक’ या शब्दाचं काय होतं ते पाहण्यासारखं असतं. ब्रँचच्या दारात, मुकादमासमोर मुलाखत घेऊ नका. कुंभारीच्या विडी घरकुलात सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात दहानंतर सोलापूरचं ऊन तुमचंही डोकं चालू देत नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा कुणीही तुमच्याशी बोलायला रिकामं नसतं. संमती तोंडी घेतलीत तरी ती घेतल्याची नोंद ठेवा, आणि बाईने मधेच ‘बास’ म्हटलं तर वही मिटा.

दोन्ही टोकं जुळवताना

लिहायला बसाल तेव्हा प्रकरणं कायदा–निवाडे–सर्वेक्षण अशी न पाडता कसोटीप्रमाणे पाडा. एक प्रकरण कच्च्या मालाचं, एक नकाराच्या अधिकाराचं, एक घर आणि कुटुंबाचं. प्रत्येकात कलम, निवाडा, नोंद आणि मुलाखत एकत्र. मार्गदर्शक सुरुवातीला कुरकुरतील, कारण साचा वेगळा आहे. एक प्रकरण लिहून दाखवा.

सध्या या विषयावर काम करणाऱ्यांपुढे एक नवं कोडं आहे. १९६६ चा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. त्याच वेळी सामाजिक सुरक्षा संहितेने घरातून काम करणाऱ्यांची, म्हणजे ‘गृहाधारित कामगारां’ची वेगळी व्याख्या केली आहे, आणि तीत मालकाने साहित्य दिलं की नाही याला महत्त्व नाही. मग विड्या वळणारी बाई पूर्वीसारखी मालकाची कर्मचारी राहते, की असंघटित क्षेत्रातल्या गृहाधारितांच्या रांगेत जाते? भविष्य निर्वाह निधीच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. जुन्या कायद्याखालचे नियम आणि आदेश कुठवर टिकतात हे पाहायला संहितांमधली निरसन व व्यावृत्तीची (जुना कायदा रद्द करणारी आणि त्यातलं काय टिकतं ते सांगणारी) कलमं आणि १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाची कलमं ६ व २४ एकत्र वाचावी लागतील. तिन्ही व्याख्या, जुनी एक आणि या दोन संहितांतल्या नव्या दोन, एका कागदावर शेजारी-शेजारी उतरवून काढा, फरकाच्या शब्दांखाली रेघ मारा, आणि तो कागद घेऊनच विडी घरकुलाची बस पकडा.